ऑस्टिन सेव्हन आणि मिनी: एकाच कारखान्यातल्या दोन गाड्या, दीड वर्ष दोन्ही चालवून

ज्यांना घाई आहे त्यांना निकाल आधीच सांगून टाकतो. चालवायला मिनी सोपी, सांभाळायला सेव्हन सोपी. हे उलटं वाटेल, मलाही वाटायचं, कारण एक गाडी १९३५ ची आहे आणि दुसरी १९७९ ची, मधे ४४ वर्षांचं अंतर, मग जुनी ती कटकटीची असणार असंच कुणीही धरून चालतो. दीड वर्ष दोन्ही आलटून पालटून चालवल्या, दोन्हींच्या खाली आडवा झालो, दोन्हींचं ग्रीस कपड्यांना लागलं, आणि त्यानंतर हे लिहितोय.

मी मूळचा साताऱ्याचा, गेली अकरा वर्षं बर्मिंगहमच्या दक्षिणेला रेडनलजवळ राहतो. मिनी माझी स्वतःची, मिनी १०००, सहा वर्षांपूर्वी घेतलेली. सेव्हन माझी नाही. ती शेजारच्या काकांची, ऑस्टिन सेव्हन रुबी, त्यांच्याकडे चाळीस वर्षं आहे. काकांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि क्लच दाबणं बंद झालं, तेव्हा त्यांनी मला बोलावून किल्ली हातात दिली आणि म्हणाले, दर आठवड्याला दहा मैल तरी फिरव, उभ्या गाडीचं सगळं आखडतं. इन्शुरन्सवर माझं नाव चढवलं आणि तेव्हापासून माझ्या दारात दोन गाड्या.

दोन्ही ऑस्टिनच्या लाँगब्रिज कारखान्यातल्या. माझ्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर तो कारखाना होता, २००५ ला बंद पडला, आता त्या जागेवर दुकानं आहेत, घरं आहेत, कॉलेज आहे. जवळच्याच लिकी टेकडीवर हर्बर्ट ऑस्टिन यांचं घर होतं, लिकी ग्रेंज. १९२१ मधे कंपनी दिवाळखोरीच्या दारात होती, मोठ्या गाड्या विकल्या जात नव्हत्या आणि संचालक मंडळाला छोट्या गाडीत काही रस नव्हता. तर ऑस्टिन यांनी कारखान्यातला स्टॅन्ली एज नावाचा १८ वर्षांचा ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारा, घरी बोलावून घेतला आणि बिलियर्डच्या खोलीत बसून दोघांनी ही गाडी कागदावर उतरवली. पैसे स्वतःचे घातले, पेटंट स्वतःच्या नावावर घेतली आणि मग प्रत्येक गाडीमागे कंपनीकडून दोन गिनी (एक गिनी म्हणजे एक पौंड एक शिलिंग) रॉयल्टी घेतली. १९२२ ते १९३९ मधे जवळजवळ २ लाख ९० हजार गाड्या निघाल्या म्हणजे हिशोब करा.

सेव्हन म्हणजे सात, हे नाव टॅक्सवरून आलं. त्या काळी इथे गाडीचा कर हॉर्सपॉवरवर होता, एका हॉर्सपॉवरला वर्षाला एक पौंड, आणि ती हॉर्सपॉवर सिलिंडरच्या व्यासावरून मोजायचे, त्या मोजणीत ही गाडी सातची. गिऱ्हाईक कोण, तर मोटारसायकलला साइडकार लावून बायकोपोरांना पावसात नेणारा माणूस. त्याला साइडकारच्या जागेत बसेल अशी, पण चार चाकांची, चार सिलिंडरची, चारही चाकांना ब्रेक असलेली खरी मोटार द्यायची, एवढंच त्या बिलियर्डच्या खोलीत ठरलं होतं.

मिनीचा जन्मही तंगीतलाच. १९५६ चा सुएझचा पेच, पेट्रोलचं रेशनिंग, रस्त्यावर तीन चाकी बबल कार दिसायला लागल्या आणि कंपनीचे प्रमुख लेनर्ड लॉर्ड यांनी डिझायनर ॲलेक इसिगोनिस यांना सांगितलं की एक खरी छोटी गाडी करा. २६ ऑगस्ट १९५९ ला ती बाहेर आली, लांबी दहा फूट, किंमत करासकट ४९७ पौंडांच्या आत. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही, की ऑस्टिनच्या शोरूममधे ती मिनी म्हणून आलीच नव्हती, ती आली ऑस्टिन सेव्हन या नावाने. १९६२ पर्यंत तेच नाव होतं. म्हणजे कंपनीलाही माहीत होतं की ही त्याच घरातली पोरगी आहे.

आणि इसिगोनिस स्वतः तरुणपणी ऑस्टिन सेव्हन रेसला पळवायचे. मित्राबरोबर, जॉर्ज डाउसनबरोबर, त्यांनी सेव्हनचे भाग वापरून हाताने एक रेसची गाडी बनवली, लाइटवेट स्पेशल, १९३० च्या दशकात काही वर्षं खपून. तिच्या सस्पेन्शनमधे त्यांनी रबर वापरलं होतं. वीस वर्षांनी मिनीत स्प्रिंगऐवजी रबराचे कोन आले, ॲलेक्स मोल्टन यांनी बनवलेले. माझ्या मिनीखाली आडवं होऊन तो काळा रबराचा कोन बघितला की मला शेजारच्या दारातली रुबी आठवते, खरंच आठवते.

आता चालवण्याबद्दल.

सेव्हनचा क्लच. याच्यावर लिहावं तेवढं थोडं आहे. पेडलची हालचाल इतकी कमी की लागलं का सुटलं हे पायाला कळायच्या आत गाडी उडी मारते किंवा बंद पडते. पहिल्या दिवशी काकांच्या गल्लीत मी नऊ वेळा बंद पाडली. मी आयुष्यभर क्लच गुडघ्यातून सोडत आलोय, इथे तसं चालत नाही. काकांनी खुर्ची आणून फुटपाथवर मांडली, बसले आणि म्हणाले, "टाच जमिनीवर टेकवून ठेव, गुडघा हलवूच नकोस, फक्त बोटं वर घे. आणि गाडी हलली की पाय पूर्ण काढून घे, तिथे घुटमळू नकोस." दुसऱ्या आठवड्यात जमलं, महिन्याभरात विचार करावा लागेना. आता मिनीत बसलो की तिचा क्लच मला बसच्या पेडलसारखा लांबलचक वाटतो.

इंजिन ७४७ सीसीचं, साइड व्हॉल्व्ह, खरी ताकद पंधरा हॉर्सपॉवरसुद्धा नाही. पण आवाज गोड, शिलाई मशीन भरभर चालवल्यासारखा. क्रँकशाफ्टला दोनच बेअरिंग, पुढे एक मागे एक, मधे काही नाही (१९३६ पासून तीन झाली, काकांची त्याच्या आधीची), त्यामुळे जास्त रेस केली तर क्रँक मधेच वाकतो आणि तुटूही शकतो. ऑइलचं प्रेशर जवळजवळ नसतंच, छोट्या जेटमधून ऑइलची चिळकांडी फिरत्या क्रँकवर उडते आणि तिथल्या भोकातून आत जाते, इथले जुने लोक याला थुंका आणि देवावर सोडा असं म्हणतात. पाण्याला पंप नाही, गरम पाणी आपोआप वर चढतं, गार खाली येतं, तेवढ्यावर भागतं. मी आधी घाबरलो होतो. पण ९० वर्षं हेच इंजिन असंच चालत आलंय, ऑइल वेळेवर बदललं आणि ताशी ३५-४० मैलाच्या वर ताणलं नाही तर त्याला काही होत नाही.

स्टिअरिंग सरळ रस्त्यावर सतत थोडं थोडं सांभाळावं लागतं. पुढे स्प्रिंगचा एकच आडवा पाटा, मागे अर्धवट लांबीचे दोन पाटे, खड्डा एका बाजूला लागला की मागचा अॅक्सल किंचित तिरका होतो आणि गाडी स्वतःच वळायला लागते. घट्ट धरलं की आणखी भटकते, सैल धरलं की सावरते. ब्रेक केबलचे आहेत. थांबते, पण कुठे थांबायचंय ते शंभर यार्ड आधी ठरवावं लागतं, आणि आजूबाजूच्यांना ते माहीत नसतं, ही खरी अडचण. A३८ या मोठ्या रस्त्यावर पुढच्या गाडीपासून मी अंतर सोडतो आणि त्या अंतरात लगेच कुणीतरी घुसतो. इंडिकेटर म्हणजे बाजूच्या खांबातून बाहेर पडणारा छोटा पेटता हात, तो आजच्या ड्रायव्हरला दिसतच नाही, म्हणून मी काच खाली करून स्वतःचा हातही दाखवतो. संध्याकाळी सहा व्होल्टच्या दिव्यात गाडी चालवायची नाही हे मी ठरवून टाकलंय.

रोझ हिलचा चढ, रेडनलहून लिकीवर जाणारा, दोघींना घेऊन गेलो. मिनी तिसऱ्यात आरामात गेली. सेव्हन दुसऱ्यात, पंधरा-सोळा मैलाने, मागे सहा गाड्यांची रांग लागली, मी बाजूला घेऊन सगळ्यांना पुढे जाऊ दिलं आणि प्रत्येक गाडीतून कुणी ना कुणी हात केला. वर पोचल्यावर पाणी उकळलं नव्हतं. तिथून जवळच चर्चच्या आवारात हर्बर्ट ऑस्टिन यांची समाधी आहे, तिथे गाडी लावून पाच मिनिटं उभा राहिलो.

मिनी चालवणं म्हणजे वेगळंच जग आहे, आणि इसिगोनिस यांनी काय केलं हे सेव्हन चालवल्याशिवाय नीट कळत नाही असं माझं स्पष्ट मत झालंय. सेव्हन ही मोठ्या गाडीची छोटी आवृत्ती आहे, सगळं तेच, फक्त आकार लहान. मिनीत माणूस आधी बसवला आणि उरलेल्या जागेत यंत्र कोंबलं. इंजिन आडवं, गिअरबॉक्स इंजिनाच्या पोटात ऑइलच्या टाकीतच, रेडिएटर बाजूला, चाकं दहा इंची आणि चारही गाडीच्या अगदी कोपऱ्यांत. दहा फुटांतली आठ फूट जागा माणसांना आणि सामानाला मिळाली. माझा मेव्हणा सहा फुटांचा आहे, तो मिनीत पुढे पाय पसरून बसतो, सेव्हनमधे त्याचा खांदा माझ्या खांद्यावर घासतो आणि गिअर टाकताना कोपर त्याच्या बरगडीत जातं.

वळणावर मिनीसारखी गाडी मी चालवलेली नाही. स्टिअरिंग बशीसारखं आडवं, सीट सरळ, बसायची पद्धत एसटीच्या ड्रायव्हरसारखी, पण हात जरा हलवला की नाक लगेच तिकडे. गाडी कलत नाही, चाक सुटत नाही. माँटे कार्लो रॅली या गाडीने १९६४, १९६५ आणि १९६७ ला जिंकली, १९६६ लाही पहिली आली होती पण हेडलाइटच्या कारणावरून बाद केली. रॅलीवाल्या मिनी कूपरची ताकद माझ्या साध्या १००० मधे नाही, माझी चाळीसच्या आतबाहेर हॉर्सपॉवर, पण ओल्या गोल वळणावर ती का जिंकायची हे माझ्या साध्या गाडीतही कळतं. पहिल्या गिअरचा सुंईऽऽ आवाज तर मला लांबून आलेला ओळखू येतो, मुलींनाही येतो, बाबा आले म्हणून दार उघडतात.

त्रासही आहे. खड्ड्यात दहा इंची चाक अख्खं जातं आणि मणका सांगतो. ७० मैलाला मोटरवेवर बोलणं बंद करावं लागतं. डिस्ट्रिब्यूटर पुढच्या जाळीच्या अगदी मागे, जोराच्या पावसात पाणी उडालं की इंजिन अडखळतं, त्याच्यावर प्लॅस्टिकचं झाकण नीट बसलंय ना हे पावसाळी दिवशी बघूनच निघायचं, आणि इथे पावसाळी दिवस कुठला नसतो. चारही चाकांना ड्रम ब्रेक, सेव्हनच्या मानाने स्वर्ग, आजच्या गाडीच्या मानाने पाय दाबून धरायला लागतो.

गावाकडचं एक सांगतो. बाबांकडे ॲम्बेसेडर होती, साताऱ्यात. ॲम्बेसेडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड, तिचं १४८९ सीसीचं इंजिन आणि माझ्या मिनीचं ९९८ सीसीचं इंजिन ही एकाच घराण्यातली, बी सिरीज आणि ए सिरीज. पहिल्या वर्षी मिनी टकटक करायला लागली तेव्हा बाबांना व्हिडिओ कॉल लावला आणि फोन बोनेटखाली धरला. बाबांनी दहा सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "टॅपेट सैल झालंय, गार असताना झाकण काढ, फीलर गेज घाल, घाबरू नकोस." फट १२ थाऊवर (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) बसवली, आवाज गेला. साताऱ्यात बसून त्यांनी बर्मिंगहमची गाडी दुरुस्त केली. माझ्यासाठी ही मिनीची सगळ्यात मोठी बाजू आहे आणि मी ती कुठल्याही स्पेसिफिकेशनच्या वर ठेवतो.

आता सांभाळण्याचं, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं.

मिनी घेतली तेव्हा रंग आरशासारखा होता. विकणाऱ्याने सांगितलं दोन वर्षांपूर्वी पूर्ण रिस्टोअर केलीय, गॅरेजचं बिलही दाखवलं. मी खाली वाकून बघितलं नाही, म्हणजे वाकलो, पण खाली नवं काळं अंडरकोट, गाडीच्या पोटाला गंजाविरुद्ध मारतात ते, मारलेलं दिसलं आणि समाधान मानलं. पहिला हिवाळा गेला आणि उंबऱ्याच्या पट्टीवर, दरवाजाखाली जी असते तिला इथे सिल म्हणतात, फोड आले. एका वेल्डरने स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत. पत्रा नव्हताच, लांबी म्हणजे पुट्टी भरलेली होती, बोटभर जाड पुट्टी आणि आत जाळी, वर रंग. त्या गॅरेजने माझ्या आधीच्या माणसालाही फसवलं असणार. दोन्ही सिल, फ्लोअरचे दोन तुकडे, डिकीतला बॅटरीचा डबा आणि मागची सबफ्रेम (मागची चाकं जिला बसवलेली असतात ती चौकट), सगळं मिळून तीन हजार पौंडांच्या वर गेले आणि गाडी चार महिने माझ्या हातात नव्हती.

आणि हे फक्त माझं नशीब म्हणून सोडून देता येत नाही, कारण मिनीला वेगळी चॅसी, म्हणजे खालचा सांगाडा, नाहीच. पत्र्याची पेटी हीच चॅसी. दोन पत्रे जिथे जोडलेत ती शिवण बाहेर ठेवलीय, जोडायला सोपं म्हणून, आणि प्रत्येक शिवणीत पाणी आणि रस्त्यावरचं मीठ बसतं. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, आपल्याकडच्या माणसाला ते पहिल्या वर्षी लक्षात येत नाही. पत्रा गेला की ताकद गेली, नुसतं रूप जात नाही. भाग सगळे मिळतात, विटनी गावात अख्खी नवी बॉडीशेल बनवून मिळते, जगात जवळजवळ ५४ लाख मिनी झाल्या त्यामुळे सुट्या भागांची कमी नाही, पण भाग बसवायला वेल्डर लागतो आणि चांगला वेल्डर वर्षभर बुक असतो.

शिवाय मिनीत हात घालायला जागा नाही. माणसांना जी जागा दिली ती कुठून तरी काढलीय ना, ती मेकॅनिकच्या हातातून काढलीय. ऑइल फिल्टर काढताना मनगट सोलतं. इंजिन आणि गिअरबॉक्सचं ऑइल एकच, त्यामुळे गिअरांचा चुरा त्याच ऑइलात फिरतो, तीन हजार मैलाला ऑइल बदलायचंच, टाळाटाळ नाही. गिअरबॉक्सचं काही निघालं तर अख्खं इंजिन बाहेर.

सेव्हनचं बघा. बोनेटची एक बाजू उचलली की सगळं समोर. कार्ब्युरेटर, डायनॅमो, प्लग, डिस्ट्रिब्यूटर, सगळ्याला हात सरळ पोचतो. तीन-चार पाने, एक स्क्रूड्रायव्हर, ग्रीसगन, एवढ्यात निम्म्याहून जास्त कामं होतात. हेड काढून कार्बन साफ केला मागच्या मे महिन्यात, काका खुर्चीवर बसून सांगत होते आणि मी करत होतो, सकाळी नऊला सुरू केलं, दुपारी जेवायच्या आत गाडी चालू. हेड एका हाताने उचललं. अख्खं इंजिन दोन माणसं काढून टेबलावर ठेवतात. चॅसी वेगळी, इंग्रजी ए अक्षरासारखी साधी लोखंडी, जाड, ती सहसा सडत नाही. वरचा पत्रा गंजतो, तो गंजतोच, रुबीच्याही दरवाजाखाली गंज आहे, पण त्याने चाक निसटत नाही, तुम्ही सवडीने करू शकता.

भाग मिळतात का हा प्रश्न मला सगळे विचारतात. मिळतात. इथे ठिकठिकाणी सेव्हनचे क्लब आहेत, त्यांची एक संघटना आहे, आणि जुन्या नकाशांवरून नवे भाग बनवणारी माणसं आहेत, क्रँकशाफ्टसुद्धा नवा मिळतो. काकांच्या गाडीचा वॉटर जॅकेटचा गास्केट मी सोमवारी मागवला, बुधवारी दारात.

फरक एवढाच की सेव्हनकडे थोडं थोडं पण सतत लक्ष लागतं. दर काही शे मैलाला ग्रीस, ब्रेकच्या केबल ओढून सारख्या करणं, ऑइलची पातळी प्रत्येक वेळी. मिनी तीन महिने काही मागत नाही आणि मग एकदम तीन हजार मागते. मला सेव्हनचा स्वभाव जास्त मानवला. आजीला रोज दोन वेळा चहा लागतो तसं आहे ते, दिला की दिवस छान जातो.

खर्चाचं पटकन सांगतो. दोन्ही ४० वर्षांच्या वरच्या, म्हणून रोड टॅक्स शून्य, एमओटी, म्हणजे गाडीची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही, पण मी दोन्हींची करून घेतो, ब्रेकच्या बाबतीत दुसऱ्याचे डोळे हवेतच. इन्शुरन्स क्लासिकचा, मैलांची मर्यादा घालून, स्वस्त पडतो. पेट्रोल दोघींना गॅलनला चाळीस मैलांच्या आसपास, दोघींना महागातलं, कमी इथेनॉलचं ई५ घालतो, कारण साध्या पंपावरच्या ई१० मधलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं. विकत घ्यायच्या किमतीत चांगली रुबी आणि चांगली मिनी १००० आमच्या भागात एकमेकींच्या जवळपासच फिरतात, खऱ्या जुन्या कूपरचं मात्र विचारू नका.

घरच्यांसाठी कुठली? सेव्हनला सीटबेल्ट नाहीत, बसवायला धड जागाही नाही. इथला नियम असा की तीन वर्षांच्या आतलं मूल बेल्ट नसलेल्या गाडीत न्यायचंच नाही आणि त्याच्या वरचं मूल फक्त मागे. माझ्या मुली सहा आणि दहा, नियमाने चालतं, पण मी त्यांना सेव्हनमधे फक्त गल्लीबोळांतून नेतो. शाळेत सोडायला मिनीच, मागे बेल्ट लावलेले. हा मुद्दा माझ्यासाठी वादाचा नाही.

आई मागच्या उन्हाळ्यात आली होती, तिला गेडनच्या मोटर म्युझियमला नेलं, सेव्हनने. तिथे पहिली मिनी ठेवलीय, ६२१ एओके, पांढरी, आणि शेवटची, ४ ऑक्टोबर २००० ला लाँगब्रिजहून निघालेली लाल, तीही. मोटरवे टाळून रेडिच, हेन्ली इन आर्डन, वॉरिक असे गेलो, तीसेक मैलाला दोन तास. आई पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून. पहिला अर्धा तास काही बोलली नाही. हेन्लीच्या पुढे झाडांच्या कमानीखालून जाताना म्हणाली, "हिच्यात सगळं दिसतं रे." आणि ते खरंय, पस्तीसने जाताना कुंपणातली फुलं दिसतात, घरांवरची नावं वाचता येतात. परत येताना तिनेच हात बाहेर काढून डावीकडे वळायची खूण केली, मी तिला एकदाच दाखवली होती.

घ्यायचा विचार असेल तर. मिनी बघायला जाताना चुंबक आणि टॉर्च न्या, चुंबक फडक्यात गुंडाळून सिल, ए पॅनल (दरवाजा आणि पुढच्या मडगार्डमधली पट्टी), दरवाजांच्या खालच्या कडा आणि हेडलाइटभोवती फिरवा, जिथे धरत नाही तिथे पुट्टी आहे. डिकीतलं कार्पेट उचला, बॅटरी काढायला लावा. मागची सबफ्रेम हाताने दाबून बघा, नवं काळं अंडरकोट असेल तर उलट जास्त संशय घ्या. इंजिनाची फार चिंता नको, ते आवाज करत का होईना चालतं आणि बाबांसारखा कुणी फोनवर असेल तर सुटतं. सेव्हन बघायला जाताना इंजिन गरम झाल्यावर खालून खणखण येते का ऐका, पुढचं चाक वर उचलून हलवून किंगपिन (पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती) बघा, आणि मालकाला चालवायला लावून बाजूला बसा, तो क्लच कसा सोडतो त्यावरून गाडी कशी वापरलीय ते कळतं. आणि जवळपास सेव्हनवाला कुणी असेल तरच घ्या, पहिल्या महिन्यात शिकवणारं माणूस लागतं, पुस्तकावरून तो पाय जमत नाही.

दिवाळीत काकांना फराळ द्यायला गेलो तेव्हा त्यांनी गाडी मला विकायची गोष्ट काढली. त्यांचा मुलगा कॅनडात आहे, त्याला नकोय. किंमत त्यांनी सांगितली ती बाजारापेक्षा बरीच कमी आहे आणि मी त्यांना म्हणलं की एवढ्या कमीत मी घेणार नाही, त्यावर आमचं अजून ठरायचंय. गॅरेज मात्र माझ्याकडे एकच आहे. सहा वर्षं त्यात मिनी झोपते, मीठ आणि पाऊस बाहेर ठेवून. बायको म्हणाली, "आत कुणाला ठेवायचं ते आधी ठरव, मग पैशाचं बोल." मी दुसऱ्याच दिवशी ताडपत्रीचं माप घ्यायला बाहेर गेलो, मिनीचं, दहा फूट.